जुवारीतला ज: ईस्पीक एनजी सोर्सपासून बांधताना

जुवारी नदीच्या नावातला ज हा जत्रेतला ज, जिल्ह्यातला नव्हे. गोव्यात वाढलेल्या माणसाला हे कुणी शिकवत नाही. ऐकून ऐकूनच ते जिभेवर बसतं. संगणकाला मात्र शिकवावं लागतं. आणि ते कुठल्या तरी मोठ्या कंपनीनेच शिकवायला हवं असं नाही, आपल्याला स्वतःला एका साध्या लॅपटॉपवर शिकवता येतं, हे मला गेल्या पावसाळ्यापर्यंत ठाऊक नव्हतं.

डिचोलीत आम्हाला मराठी शिकवणाऱ्या सरांची दृष्टी निवृत्तीनंतर काही वर्षांत काचबिंदूने गेली. आयुष्यभर वाचनावर पोसलेला माणूस. भाच्याने त्यांना विंडोजवर एनव्हीडीए बसवून दिलं. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा हा मुक्तस्रोत प्रोग्राम ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन यांनी 2006 मध्ये सुरू केला. ते स्वतः अंध आहेत. एनव्हीडीएसोबत ईस्पीक एनजी नावाचं वाचा-इंजिन येतं आणि त्यात मराठी आहे. सर रोज सकाळी त्यावर वर्तमानपत्रं ऐकतात.

मी भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले, "बाकी सगळं जमतं गो. पण हा माझ्या जुवारीला ज्वारी करून टाकतो. जांबावलीचं तेच. आणि 'घराचा' म्हणताना तो जो च काढतो ना, तो ऐकून सकाळ खराब होते."

त्यांनी ऐकवून दाखवलं. नव्या जुवारी पुलाची बातमी होती. त्यांच्या संगणकावरच्या आवृत्तीत जुवारीतला ज खरंच जिल्ह्यातल्या ज-सारखा येत होता. त्यात वेग एवढा की मला पहिल्यांदा शब्दच कळेनात. सरांना कळत होते.

मी सुचवलं, हल्ली माणसासारखे गोड आवाज मिळतात, त्यातला एखादा घालू या का? त्यांनी ते आधीच वापरून पाहिले होते. बटण दाबल्यापासून आवाज निघेपर्यंत जो थोडा वेळ जातो, तो दर ओळीला जातो. दिवसभर ऐकणाऱ्याला तो परवडत नाही. शिवाय वेग वाढवला की गोड आवाज एकमेकांत मिसळतात. ईस्पीकचा आवाज पत्र्यासारखा वाटतो, पण तो लगेच बोलतो आणि भरधाव बोलतानाही त्याचं प्रत्येक अक्षर सुटं राहतं. यामागे कारण आहे. तो कुणाच्या ध्वनिमुद्रणाचे तुकडे जोडून बनत नाही. स्वर आणि घोष व्यंजनं तो गणिताने, फॉर्मंटच्या (म्हणजे आवाजातल्या ठळक कंपनसंख्यांच्या) आकड्यांवरून तयार करतो. अघोष व्यंजनांसाठी तेवढे ध्वनिमुद्रित आवाजाचे छोटे तुकडे वापरतो. म्हणूनच सगळ्या भाषा धरूनही तो काही मेगाबाइटांत मावतो.

पर्वरीला मी वेबसाइटचं काम करते. सी भाषेला कॉलेजनंतर हात लावला नव्हता. तरी घरी येऊन सोर्स, म्हणजे प्रोग्राम ज्यातून बनतो तो मूळ मजकूर, उघडला, कारण तो उघडता येतो हीच या प्रकरणातली सगळ्यात मोठी गोष्ट. जोनाथन डडिंग्टन यांनी 1995 मध्ये एकॉर्न कंपनीच्या रिस्क ओएस संगणकांसाठी 'स्पीक' नावाचा प्रोग्राम लिहिला, त्याचा पुढे ईस्पीक झाला. 2015 च्या अखेरीस रीस डन यांनी त्याची नवी शाखा काढली, ती ईस्पीक एनजी. परवाना जीपीएल, तिसरी आवृत्ती. म्हणजे कुणीही घ्यावा, वाचावा, बदलावा, वाटावा. अट एवढीच की ज्याला बदललेला प्रोग्राम द्याल त्याला त्याचा सोर्सही मिळाला पाहिजे.

बांधणीचा, म्हणजे सोर्सपासून चालणारा प्रोग्राम तयार करण्याचा, भाग मी भराभर सांगते, कारण तो खरोखर भराभर होतो. माझ्याकडे उबंटू, म्हणजे लिनक्सचा एक प्रकार, आहे. आधी साधनं लागतात: जीसीसी, मेक, ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल, पीकेजी-कॉन्फिग. मग दोन लायब्रऱ्यांची (तयार कोडच्या संचांची) डेव्ह पॅकेजं, म्हणजे बांधणीसाठी लागणाऱ्या फाइली: पीसीऑडिओ आणि सॉनिक. पहिलीमुळे आवाज थेट स्पीकरवर जातो, दुसरीमुळे खूप वरच्या वेगात बोलणं शक्य होतं. मग गिट क्लोन, म्हणजे सोर्सची प्रत आपल्याकडे उतरवणं, त्यानंतर ऑटोजेन, कॉन्फिगर आणि मेक. नव्या आवृत्त्यांमध्ये सीमेकनेही बांधता येतं. कॉन्फिगर संपताना पडद्यावर एक सारांश येतो: काय सापडलं, काय नाही. तो पुढे सरकू देऊ नका, थांबून वाचा. पीसीऑडिओसमोर 'नो' असेल तर बांधणी बिनतक्रार पूर्ण होते, फक्त यंत्र गप्प राहतं, आणि मग माणूस नसलेला दोष शोधत बसतो. तसं झालंच तरी आवाज वेव्ह फाइलमध्ये उतरवून ऐकता येतो.

मेक चालू असताना पाहण्यासारखं काही असेल तर ते शेवटचा भाग. सुरुवातीला सी-च्या फाइली कंपाइल होतात, म्हणजे यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलतात. मग ध्वनींचे तक्ते. आणि मग एकेक भाषा: आफ्रिकान्स, अम्हारिक, अरबी अशी रांग लागते. प्रत्येक भाषेचा नियमांचा मजकूर घेऊन त्याचा बायनरी कोश बनवला जातो. त्या रांगेत कोकणी आली, मराठी आली. आपल्या दोन्ही भाषांची नावं त्या काळ्या खिडकीत एकामागून एक जाताना पाहून मला फार बरं वाटलं. कुणीतरी कधीतरी बसून हे लिहिलं होतं, आणि कुणी मागितलं नसताना सगळ्यांसाठी ठेवून दिलं होतं.

एक सल्ला. बांधलेलं लगेच सिस्टिममध्ये बसवू नका. बांधलेल्या फोल्डरमधूनच चालवता येतं. डेटा कुठे आहे आणि लायब्ररी कुठे आहे, हे दोन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून (प्रोग्राम चालवताना बाहेरून दिलेल्या सेटिंग्जमधून) सांगायचं. म्हणजे सिस्टिममधली मूळ प्रत आणि आपली प्रत शेजारी शेजारी राहतात आणि एकच वाक्य दोघींकडून म्हणवून घेता येतं. पुढची सगळी कामं मला या एका सोयीमुळे जमली.

आता खरं काम. डिक्टसोर्स नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक भाषेच्या मुख्यतः दोन फाइली असतात. मराठीच्या म्हणजे एमआर_रूल्स आणि एमआर_लिस्ट. लिस्टमध्ये सुटे शब्द आणि त्यांचे उच्चार. रूल्समध्ये अक्षरांवरून उच्चार काढण्याचे नियम, अक्षरवार गट करून. दोन्ही साध्या मजकुराच्या फाइली आहेत. कुठल्याही एडिटरमध्ये उघडा, मराठी अक्षरं समोर दिसतात. सी भाषा यायचीही गरज नाही.

नियमाची ओळ अशी असते: मध्ये ज्या अक्षराचा नियम ते अक्षर किंवा अक्षरं, त्याच्या डावीकडे काय असायला हवं ते सांगायचं असेल तर ते लिहून बंद कंस, उजवीकडे काय असायला हवं त्यासाठी उघडा कंस आणि ते, शेवटी ध्वनीची चिन्हं. अधोरेखा म्हणजे शब्दाची सीमा. देवनागरीसाठी एक खास सोय केलेली आहे. पुढे काना, वेलांटी, मात्रा किंवा हलन्ताचं चिन्ह आहे का, हे इंग्रजी मोठ्या बी-ने विचारता येतं. असेल तर नुसतं व्यंजन, नसेल तर व्यंजन अधिक अ. आपल्या बाराखडीचा अख्खा पाया त्या दोन ओळींत बसलेला पाहून मी थोडी थांबलेच. लहानपणी पाटीवर गिरवलेली गोष्ट कुणीतरी इतक्या नेमकेपणाने यंत्राला समजावून दिली होती.

एकाच जागी अनेक नियम लागू पडले तर? प्रत्येक नियमाला गुण मिळतात. जितकी जास्त अक्षरं जुळतात, जितका आजूबाजूचा संदर्भ जुळतो, तितके गुण वाढतात; जास्त गुणांचा नियम जिंकतो. हे डोळ्यांनी पाहता येतं. ईस्पीकला मोठ्या एक्सचा पर्याय देऊन शब्द दिला की तो प्रत्येक अक्षरापाशी कोणकोणते नियम जुळले, कुणाला किती गुण मिळाले आणि शेवटी काय निवडलं, ते ओळीने छापतो. लहान एक्स दिला तर फक्त अंतिम ध्वनिचिन्हं. या दोन पर्यायांशिवाय हे काम अंधारात चाचपडण्यासारखं झालं असतं.

सुरुवात च-पासून केली, कारण त्याची मराठी वाक्यात सगळ्यात जास्त ये-जा. व्याकरणात आपण तालव्य आणि दंततालव्य म्हणतो ते दोन च: चिमणीतला एक, चटणीतला दुसरा. लिपीत दोन्ही एकच. 'चार' तालव्य, 'पाच' दंततालव्य. 'चिंच' या एका शब्दात दोन्ही, पहिला तालव्य, शेवटचा दंततालव्य. म्हणून चिंच हा माझा कायमचा चाचणीचा शब्द झाला. पुढे इ, ई, ए, ऐ किंवा य आला की च तालव्य, हे पक्कं. च्या, ची, चे हे सगळे त्यात येतात. शब्दाच्या शेवटी आलेला चा मात्र बहुतेक वेळा षष्ठीचा प्रत्यय असतो: घराचा, गोव्याचा, आईचा. तो दंततालव्य. बोलीतल्या लेखनातला चं तसाच. आणि जोर देणारा च, मीच, तोच, आजच, तोही तसाच. या तिन्हींसाठी डाव्या-उजव्या संदर्भाचे मोजके नियम लिहिले, मराठीचा तेवढा कोश पुन्हा कंपाइल केला (त्यासाठी सगळं बांधावं लागत नाही, मेकला भाषेचं दोन अक्षरी नाव दिलं की पुरतं), आणि वर्तमानपत्रातला एक अख्खा परिच्छेद म्हणवून घेतला.

ते नियम एकेका शब्दाचे नव्हते, त्यामुळे फरक जवळजवळ प्रत्येक वाक्यात ऐकू येत होता. सरांना फोनवर दोन्ही आवाज ऐकवले, आधी जुना, मग नवा. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, "परत लाव." तेवढंच. मी परत लावला.

ज-चं प्रकरण इतकं सरळ नाही आणि मला वाटतं मराठी वाचा-इंजिनाची खरी परीक्षा तिथेच आहे. इ, ई, ए, ऐ, य यांच्या आधीचा ज तालव्य, इथपर्यंत च-सारखंच. आज दंततालव्य, आजी तालव्य, आजोबा पुन्हा दंततालव्य. हे तिन्ही एका नियमात बसतात. जोडाक्षरांत ज्ञ-ची ओळ वेगळी ठेवावी लागते, कारण मराठीत तो द्न्य होतो. ज्व तालव्य, त्यामुळे ज्वारी तालव्य आणि जुवारी दंततालव्य, हेही नीट बसलं. अडचण सुरू होते ती पुढे अ, आ, उ, ऊ, ओ असताना. तिथे देशी आणि फारसीतून आलेले शब्द एकीकडे जातात, संस्कृतातून जसेच्या तसे आलेले दुसरीकडे. जागा, जुना, जोर, बाजार, काजू हे जत्रेचे. जल, जय, जनता, पूजा, राजा हे जिल्ह्याचे. अक्षरं पाहून यंत्राला शब्दाचं कूळ कळत नाही.

मग कल कुठे ठेवायचा? मी दोन्ही करून पाहिलं. कल दंततालव्याकडे ठेवला की घरगुती मराठी सुरेख येते, पण संपादकीय कानाला टोचतं, कारण तिथे जनता, जय, जागृती ओळीओळीला. कल तालव्याकडे ठेवला की उलट. सरांचं मत स्पष्ट होतं: बोलण्यातले शब्द बिघडले तर भाषा परकी वाटते, पुस्तकी शब्द एखादा बिघडला तर खपून जातं. मला ते पटलं. कल दंततालव्याकडे, आणि संस्कृत शब्दांना अपवाद.

अपवाद लिस्टमध्ये घालावेत असं आधी वाटतं. पण लिस्टमधली नोंद पूर्ण शब्दाशी जुळते आणि मराठी शब्द पूर्ण असा क्वचितच भेटतो. जनता, जनतेला, जनतेच्या, जनतेकडून, जनतेनेही. म्हणून धातू आणि शब्दांची मुळं रूल्समध्ये घातली, शब्दाच्या सुरुवातीची अधोरेखा लावून. तिथे गुणांची पद्धत कामी आली: 'जन' तालव्य, पण 'जनावर' दंततालव्य; जनावराचा नियम लांब, म्हणून तोच जिंकतो.

कोणती मुळं घालायची हे ठरवायला शब्दांची यादी हवी होती. साठवलेल्या मराठी मजकुरातून ज आणि झ असलेले शब्द वेगळे काढले, सॉर्ट आणि युनिकने मोजून वारंवारतेप्रमाणे लावले. ती यादी घेऊन शनिवारी सरांच्या बल्कांवात, घरापुढच्या बसायच्या ओसरीत, बसायचं. मी शब्द वाचायचे, सर म्हणायचे "जत्रा" किंवा "जिल्हा", आणि मी त्यापुढे खूण करायचे. पाऊस कौलांवर इतका वाजायचा की कधी कधी शब्द दोनदा सांगावा लागे. सरांच्या पत्नी चहा आणून देत आणि थांबून स्वतःचं मत देत. त्या पेडण्याच्या, दोनचार शब्दांवर दोघांचा सूर वेगळा लागला. तेव्हा मी दोन्ही उच्चार नोंदवून ठेवले आणि फाइलमध्ये सरांचा घातला, कारण ऐकणार ते होते. पण तुमच्या तालुक्यात वेगळं म्हणत असतील तर तो बदल एका ओळीचा आहे, आणि मला तो अधिकार तुमच्याकडे असणंच योग्य वाटतं.

गावांच्या नावांसाठी आम्हाला एक अनपेक्षित साक्षीदार मिळाला: रस्त्यावरच्या रोमन पाट्या. पोर्तुगिजांनी इथली नावं कानाने ऐकून लिहिली आणि त्यांच्या लिपीत झेड वेगळा होता. म्हणून जुवारी झेडने सुरू होते, जांबावली झेडने, आजोशीच्या मध्यात झेड. पणजीच्या जुन्या पोर्तुगीज रूपात मात्र जी आणि त्यापुढे आय, म्हणजे तालव्य. देवनागरीत जो फरक दिसत नाही तो या पाट्यांवर चारशे-साडेचारशे वर्षांच्या सवयीने टिकून राहिला आहे. सरांना हे सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की त्यांनी आठवेल तेवढ्या गावांची रोमन स्पेलिंगं मला तिथल्या तिथे म्हणून दाखवली. च-च्या बाबतीत पाट्यांचा उपयोग नाही; त्यात असा वेगळा वर्ण वापरलेला नाही. तिथे कानच हवा.

आणि हीच गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. सोर्स खुला आहे, साधनं फुकट आहेत, संगणक कुणाकडेही असतो. या सगळ्यात दुर्मीळ काय, तर जुवारी बरोबर ऐकू शकणारा आणि चुकलेली सांगणारा कान. तो गोव्याबाहेरच्या कुणाकडे असण्याची अपेक्षाच चूक आहे. आपली नावं नीट उच्चारली जावीत ही जबाबदारी शेवटी आपलीच, आणि ती पार पाडायला लागणारी फाइल अक्षरशः आपल्या लिपीत लिहिलेली आहे.

ध्वनी स्वतः कसा बनतो याकडेही थोडं जावं लागलं. नियमाने कितीही बरोबर चिन्ह निवडलं तरी त्या चिन्हामागचा आवाज पटला पाहिजे. ध्वनींच्या व्याख्या पीएचसोर्स फोल्डरमध्ये आहेत, त्याही मजकुराच्याच: हे व्यंजन घोष की अघोष, स्थान कोणतं, शेजारच्या स्वराला ते कसं वळवतं, कोणता ध्वनितुकडा वापरायचा. इटालियन आणि पोलिशमध्ये दंततालव्यासारखे ध्वनी आहेतच, त्यामुळे शून्यापासून काही करावं लागलं नाही. त्या व्याख्या वाचल्या, मराठीच्या तक्त्यात आपल्याला हवा तसा ज बेतला. अघोष च-चा भाग तुकड्यावरून येत असल्याने तो पहिल्याच फेरीत बरा वाटला. घोष ज-मध्ये मात्र घुमणारा आवाज आणि घर्षण यांचं मिश्रण लागतं आणि त्याचं प्रमाण कानानेच लावावं लागतं. घर्षण जास्त झालं की नुसता झेड होतो, कमी झालं की द. सरांनी ते त्यांच्या नेहमीच्या वेगात ऐकूनच पसंत केलं. सावकाश ऐकताना सुंदर वाटलेली एक व्याख्या त्या वेगात पार विरघळून गेली होती. म्हणजे चाचणी वापरणाऱ्याच्या वेगातच घ्यायची.

दरम्यान एक शिस्त पाळली, ती सांगण्यासारखी आहे. प्रत्येक बदलाआधी साठवलेला सगळा मजकूर ईस्पीकमधून नेऊन, आवाज न करता, फक्त ध्वनिचिन्हं एका फाइलमध्ये उतरवायची. बदलानंतर तेच पुन्हा. मग दोन फाइलींचा डिफ, म्हणजे त्यांच्यातल्या फरकांची यादी. हव्या त्या शब्दाखेरीज आणखी काय काय बदललं हे लगेच समोर येतं. झ-चा एक नियम बसवताना 'माझा' सुधारला आणि त्याबरोबर 'माझी' हलली का, हे कानाने शोधायला बसलो असतो तर पुरा जन्म गेला असता. डिफमध्ये एका नजरेत दिसतं.

आता हे लिनक्सवरून सरांच्या विंडोजवर न्यायचं. सोपं वाटतं: एनव्हीडीएच्या फोल्डरमध्ये सिंथड्रायव्हर्स, त्यात ईस्पीकचा डेटा, त्यात मराठीचा कोश, तो बदलला की झालं. पण कंपाइल झालेल्या कोशात ध्वनींची नावं नसतात, तक्त्यातले क्रमांक असतात. तक्ता बदलला की जुना कोश चुकीचे आवाज काढणार. म्हणून कोशाबरोबर फोनटॅब, फोनइंडेक्स आणि फोनडेटा या तिन्ही फाइली न्याव्या लागतात. आणि तक्ता सर्वांचा सामायिक असल्याने बाकीच्या भाषांचे कोशही त्याच बांधणीतले हवेत. अख्खं डेटा फोल्डरच न्यावं हे बरं. त्यातही लायब्ररी आणि डेटा यांची आवृत्ती जुळावी लागते, नाहीतर ईस्पीक सरळ डेटाची आवृत्ती चुकीची असल्याचं सांगून थांबतं.

उपाय एनव्हीडीएच्या सोर्समध्येच मिळतो. ते ईस्पीकला गिट सबमॉड्यूल म्हणून, म्हणजे आपल्या सोर्समध्ये जोडलेला दुसरा प्रकल्प म्हणून, वापरतात. म्हणजे सरांकडे एनव्हीडीएची जी आवृत्ती आहे, तिच्या टॅगवर (आवृत्तीच्या खुणेवर) जाऊन सबमॉड्यूल पाहिलं की ईस्पीकचा नेमका कोणता कमिट, म्हणजे कोणत्या टप्प्यावरचा सोर्स, वापरला आहे ते कळतं. त्या कमिटवर माझी शाखा रीबेस केली, म्हणजे माझे बदल त्यावर नव्याने बसवले, पुन्हा बांधलं, डेटा तिथून घेतला. आणि तो थेट त्यांच्या मुख्य प्रतीत न घालता एनव्हीडीएची पोर्टेबल कॉपी (सिस्टिममध्ये न बसवता चालणारी वेगळी प्रत) करून तिच्यात घातला. अंध माणसाच्या संगणकावर हे पथ्य पाळायलाच हवं: प्रयोग फसला तर त्यांचा आवाज जातो, आणि आवाज गेला की दुरुस्त करायला मेनूसुद्धा सापडत नाही. पोर्टेबल कॉपी बंद केली की मुख्य एनव्हीडीए जागच्या जागी असतं.

त्या दिवशी सरांनी पहिल्यांदा बातम्या लावल्या नाहीत. स्वतः टाइप केलं: "आज आजी आजोबांबरोबर जांबावलीच्या गुलालाला जाणार." एंटर. यंत्राने ते नेहमीच्या वेगात म्हटलं. मग त्यांनी वेग बराच कमी केला, एवढा की मलाही प्रत्येक अक्षर कळावं, आणि पुन्हा ऐकवलं. सगळे ज जागेवर होते. "आता जुवारी," म्हणाले, आणि त्यांनी अख्खी बातमी लावली. बातमी संपल्यावर त्यांनी मला लगेच पुढचं सांगितलं: 'जग'चं काय करणार आहेस?

'जग'चं काही करता येत नाही, निदान या पद्धतीने. 'जग बदललं' मधला तालव्य आणि 'सुखाने जग' मधला दंततालव्य; अक्षरं तीच. वाक्य समजल्याशिवाय हे सुटत नाही आणि नियमांना वाक्य समजत नाही. वर्तमानपत्रात पहिला अर्थ कितीतरी जास्त वेळा येतो, म्हणून तो ठेवला. 'जगणे', 'जगला', 'जगतात' यांना मात्र नियम लिहिता आले. 'जरा'च्या बाबतीत उलट निर्णय, कारण म्हातारपण या अर्थाचा जरा वर्तमानपत्रात भेटतच नाही.

हे बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवायचे तर ते सुटसुटीत तुकड्यांत पाठवायला हवेत, असं मी ठरवलं आहे. तिथे तपासणाऱ्या व्यक्तीला मराठी येत असेलच असं नाही. त्यामुळे प्रत्येक तुकड्याबरोबर नियम काय, तो का, कोणते शब्द बदलतात, बदलाआधीची आणि नंतरची ध्वनिचिन्हं कोणती, हे लिहिते आहे. च-चे प्रत्ययाचे नियम आधी, कारण त्यांवर वाद होण्यासारखं काही नाही. ज-ची मुळं नंतर, कारण तिथे कल कुठे ठेवायचा हा निर्णय आहे आणि तो विदर्भातल्या किंवा कोल्हापुरातल्या ऐकणाऱ्यांनाही पटायला हवा. गोव्यातल्या गावांची नावं शेवटी. एनव्हीडीएची नवी आवृत्ती आली की आमची डेटा फाइल जुनी होते, म्हणून क्लोन, रीबेस, बांधणी आणि डिफ हे सगळं एका छोट्या स्क्रिप्टमध्ये घालून ठेवलं आहे. ती चालवायची, डिफ वाचायचा, आणि नवी पोर्टेबल कॉपी सरांना द्यायची.

कोकणीची फाइल वेगळी आहे आणि तिच्या वाट्याला असं बसणं अजून यायचं आहे. सरांच्या पत्नींनी पेडण्याकडच्या शब्दांची वही सुरू केली आहे. येत्या शनिवारी ती घेऊन बसायचं ठरलं आहे.